आईच्या खाटेखालची वायर

चारकोप, सेक्टर ३,
कांदिवली (पश्चिम).
बुधवार, १४ डिसेंबर १९८८

तीर्थरूप दत्ताराम भावोजी यांच्या पायांशी धाकटा मेहुणा जयवंत धुरी याचा दंडवत पोचावा.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (सगळे म्हणजे मी आणि सुलक्षणा. तिसरं माणूस तुमच्याकडे आहे आणि ते कसं आहे हे तुम्ही आम्हाला कळवायचं, असे दिवस आलेत.) नलिनीताईचा दमा, तुमचं पित्त आणि घाटकोपरच्या तुमच्या चाळीतला नळ, तिघंही या थंडीत बरी असतील अशी आशा करतो. तुम्ही वयानं मोठे, नात्यानं मोठे, आणि वायरमनचं लायसन्स असल्यामुळे आवाजानंही मोठे. तेव्हा पत्रात कुठे कमीजास्त लिहिलं गेलं तर लहान समजून पोटात घाला. कमीजास्त लिहिलं जाणारच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

पत्रास कारण की, शनिवारपासून आई तुमच्याकडे आहे आणि मला सेक्टरमध्ये तोंड वर करून चालता येत नाही. मुलगा धडधाकट असताना आईनं जावयाकडे राहायला जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ताईच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत ही बाई तुमच्याकडे चहाच्या पुढे गेली नाही, आणि तो चहासुद्धा उंबऱ्याजवळ बसून, पिशवी मांडीवर ठेवून. तीच बाई आता चार दिवस तुमच्याकडे दोन वेळा जेवते आहे. शेजारीपाजारी विचारतात, आजी दिसत नाहीत? मी सांगतो, गावी जत्रेला गेली. काल आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धोंडिराम घाडी (हे नेमके आमच्याच गावाकडचे निघावेत हेही माझंच नशीब) म्हणाले, जत्रेला तर अजून पंधरा दिवस आहेत. मी म्हटलं, तयारीला गेली. एका वायरीपायी मला देवाच्या जत्रेची तारीख बदलावी लागली.

घडलं काय, ते तुमच्या कानावर एका बाजूनं गेलेलंच असणार. दुसरी बाजू मी लिहितो.

दसऱ्याला आमची वास्तुशांत झाली तेव्हापासून सुरुवात करावी लागेल. त्या दिवशी बाकीच्या पाहुण्यांनी आल्या आल्या कलशाला नमस्कार केला. तुम्ही बोर्डाला केला. खिशात पेन असावं तसा टेस्टर लावून तुम्ही आलात (पूजेला टेस्टर घेऊन येणारा जावई अख्ख्या सेक्टरनं पहिल्यांदा पाहिला), मोरीत पाणी तापवायचा रॉड दिसला, आणि शिऱ्याची वाटी हातात धरून तुमचं प्रवचन सुरू झालं. रॉड दीड हजार वॅटचा, त्याला पंधरा अँपियरचा पॉवर पॉइंट पाहिजे, मीटरपासून वेगळी जाड वायर पाहिजे. पुढच्या खोलीतल्या पाच अँपियरच्या प्लगमधून लांब वायर ओढून तो चालवायचाच नाही. एक्स्टेंशन अगदीच लागलं तर तीन तारांचं, जाड, आणि पूर्ण उलगडून जमिनीवर सरळ टाकलेलं. त्यावर एका वेळी एकच वस्तू. चटईखालून नाही, अंथरुणाखालून तर नाहीच नाही. आणि मधून मधून प्लगला हात लावून बघायचं, गरम लागला की बंद. पाहुण्यांनी शिरा खाणं थांबवलं. धोंडिराम तर पाकिटाच्या मागे लिहून घेत होते. आणि मी यजमान, माझ्याच घरात, माझ्याच पूजेला, आरोपीसारखा खाली मान घालून उभा.

मी एक साधी शंका विचारली, की वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं जाते, मग तिसरी तार कशाला, पाहुणी म्हणून का? तुम्ही म्हणालात, "तिसरी तुझ्यासाठी आहे, जयवंता." सगळे हसले. सुलक्षणाही हसली. त्या क्षणी मी ठरवलं की या घरात वायर ओढीन तर मीच ओढीन, आणि तीही दोन तारांची.

आता माझी लायकी काय, असं तुम्ही म्हणाल (म्हणालाच आहात, ताईच्या तोंडून कळलं). भावोजी, सतरा वर्षं मी गिरणीत वाइंडिंग खात्यात काढली. सुताचा धागा बॉबिनवर असा चढवायचो की साहेबानं नख घालायला जागा शोधावी. आमच्या खात्यात एक नियम होता, धागा मोकळा लोंबकळता कामा नये, उरला असेल तेवढा गुंडाळून ठेवायचा. संपात गिरणी गेली. आता अंधेरीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजतो, आणि कोणी सुतळीचं बंडल विस्कटून ठेवलं की मला डबा गोड लागत नाही. गिरणीची आठवण म्हणून एक लाकडी बॉबिन मी घरी आणली होती, चांगली वीतभर लांब. ती कपाटावर देवासारखी बसून होती. तिला आता काम मिळणार होतं.

दुकानदारानं दोन वायरी दाखवल्या. एक पांढरी, जाडी, तीन तारांची, अंगानं अजगर. दुसरी गुलाबी, नाजूक, गणपतीच्या तोरणाला लावतात तशी. मला गुलाबी आवडली, कारण ती गुंडाळायला मऊ होती. पंधरा मीटरचं बंडल घेतलं. पुढच्या खोलीतल्या प्लगपासून मोरीपर्यंत पाच मीटर लागली, दहा उरली. तुमच्यासारख्यानं तोडली असती. चांगला धागा तोडणाऱ्याला आमच्या खात्यात काय म्हणायचे ते पत्रात लिहिता येत नाही. मी ती दहा मीटर बॉबिनवर चढवली, फेऱ्याला फेरा घासून, थरावर थर, मध्ये हवा शिरायलाही फट नाही. भावोजी, सहा वर्षांनी हाताला ते काम मिळालं होतं. तीन वेळा उलगडून पुन्हा गुंडाळली, केवळ आनंदासाठी. मग ती बॉबिन सुतळीनं आईच्या खाटेच्या कडेला, पायथ्याशी, गादीखाली बांधली, म्हणजे कोणाच्या पायात येऊ नये. (सुरक्षिततेचा विचार मीही केला होता, हे कृपया नोंदवावं.) वायरीच्या दुसऱ्या टोकाला, मोरीच्या दाराबाहेर, एक बोर्ड लावला. रॉडचा तीन पिनांचा जाडा प्लग त्यात शिरेना, म्हणून पक्कडीनं उडवला आणि दोन पिनांचा लावला. त्याच बोर्डावर इस्त्री लावायची सोय ठेवली. घरात एकदम सुधारणा झाली.

पहिल्या दिवशी फ्यूज गेला. तार बदलली. दुसऱ्या दिवशी गेला, पुन्हा बदलली. तिसऱ्या दिवशी मला त्या फ्यूजचा स्वभाव कळला. काही माणसं असतात, जरा काम अंगावर पडलं की आजारी पडतात, आमच्या स्टोअरमध्ये असे दोन आहेत. मी त्यात तांब्याची तार तीन पदर करून पिळून बसवली. त्यानंतर फ्यूज एकदाही गेला नाही. सुलक्षणाला मी म्हटलं, बघ, दत्ताराम भावोजींना लायसन्स देणाऱ्यांना हे सुचलं नाही. आज कळतं की त्या घरात शहाणा एकटा फ्यूजच होता आणि मी त्याचंच तोंड बांधलं. (हे वाक्य ताईला वाचून दाखवू नये.)

बादलीला हात लावला की मुंग्या येत. सुलक्षणा म्हणे करंट आहे, मी म्हणे थंडी आहे. आमचा हा वाद आठवडाभर चालला, आणि मी कधीही न हरल्यामुळे मीच जिंकलो. पण खरी गंमत आईची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, जयवंता, सकाळी तुझं पाणी तापतं तेव्हा माझ्या पायाकडे छान ऊब लागते, गुडघ्यांना बरं वाटतं. मी खाली हात घालून बघितलं. बॉबिन चांगली गरम होती. तुमचं प्रवचन मला शब्दन् शब्द आठवलं, भावोजी, गरम लागला की बंद. पण आईच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते बघून मी म्हटलं, आई, ती मी तुझ्यासाठीच केलेली सोय आहे. असं मी म्हटलं. आणि मग सेक्टरभर सांगत सुटलो. धोंडिराम स्वतः येऊन गादीखाली हात घालून गेले, आणि आपल्या आईसाठी तशीच एक करून द्याल का म्हणाले. (ज्याच्या मागे प्रवचन लिहून घेतलं होतं ते पाकीट बहुतेक त्यांनी पोस्टात टाकलं.) घरांच्या शेवटच्या ओळीतल्या आणखी एकांनी विचारलं. गिरणी सुटल्यावर माझ्या हातचं काम कोणी मागावं हे पहिल्यांदाच होत होतं, मी दोघांनाही हो म्हटलं. नशीब, गुलाबी वायर दुकानात संपली होती.

मग शनिवार उजाडला. सकाळी सातला रॉड लावला. कारखान्यात त्या दिवशी मोठे साहेब येणार होते, म्हणून सुलक्षणा त्याच बोर्डावर इस्त्री लावून माझा शर्ट करत होती. मी मोरीत बादलीवर लक्ष ठेवून. (पाणी तापताना बघत बसायची काय गरज, असं सुलक्षणा रोज विचारते.) जळका वास आला. मी आतूनच ओरडलो, कोणीतरी डांबर पेटवलं असेल. आमच्या सेक्टरमध्ये निम्मी घरं अजून बांधून व्हायची आहेत, रोज काही ना काही पेटलेलं असतंच. मग सुलक्षणाची किंकाळी आली. बाहेर येऊन बघतो तर खाटेच्या पायथ्याकडून काळा धूर, काथ्याची गादी धुमसते आहे, आणि सुतळी जळून माझी बॉबिन जमिनीवर पडलेली, तिच्यातून गुलाबी प्लास्टिक टपटप गळतं आहे. फ्यूज ठणठणीत. मी त्याला शिकवलंच तसं होतं.

आता पुढचं मी अगदी खरं लिहितो, कारण हे तुम्हाला शेवंतीबाईंकडून कधीतरी कळणारच. शेवंतीबाई म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या, इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका युनिटमध्ये कामाला आहेत. मी मोरीत धावलो आणि विझवायला म्हणून ती बादली उचलली. तीच बादली. रॉड आत, बटण चालू. हाताला असा झटका बसला की मी अर्ध्या पाण्यासकट भिंतीवर. उठून पुन्हा हात घालणार, तेवढ्यात शेवंतीबाई दारातून ओरडल्या, "ओ भाऊ, बादली सोडा! आधी मेन बंद करा ना, पाणी काय टाकता करंटवर!" आणि मला मेन कुठे आहे ते आठवेपर्यंत त्यांनीच तो खाली ओढला, बाहेर कोणाच्या तरी बांधकामाची रेती पडली होती ती दोन घमेली आणून गादीवर ओतली, आणि विझलं. हे सगळं त्या एका हातानं करत होत्या, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी होती, ती सांडली नाही. जाताना म्हणाल्या, आमच्याकडे कंपनीत हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी भिंतीला टेकून बसलो होतो. गिरणीतल्या सतरा वर्षांत मला कोणी असं ऐकवलं नव्हतं.

कोणालाही काही झालं नाही. हे मोठ्या अक्षरात वाचा. सुलक्षणाला काही नाही, मला उजव्या हाताला दिवसभर झिणझिण्या, बस्स. आई त्या वेळी दारात तुळशीला पाणी घालत होती, खाट रिकामी होती. धुरात मला काही दिसलं नव्हतं, पण तिनंच नंतर सांगितलं. देवानंच तिला बाहेर काढलं म्हणायचं. या एका गोष्टीचा विचार मी करतच नाही.

आई दिवसभर शेवंतीबाईंच्या ओट्यावर बसून होती. संध्याकाळी आपली पिशवी भरली आणि सुलक्षणाला म्हणाली, "माका नलिनीकडे पोचव. थंय वायर तरी तीन तारांची आसा." भावोजी, मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तीन तारांची आसा! तुमचं वाक्य माझ्या आईच्या तोंडून! मी रागानं पोचवायला गेलो नाही. सुलक्षणा रिक्षानं घेऊन गेली आणि मी जळक्या गादीवरची रेती भरत बसलो.

तुम्ही जिंकलात, झालं. उद्या सेक्टरमध्ये येऊन पुन्हा शिऱ्याची वाटी हातात घ्या आणि प्रवचन करा, मी पहिल्या रांगेत बसतो. पण आईला ठेवून घेऊ नका. गेले चार दिवस मी गार पाण्यानं अंघोळ करतो आहे (सुलक्षणा म्हणते, चेहऱ्यावर तेज आलं आहे, ते तेज नाही, काकडणं आहे), शर्ट गादीखाली दाबून घालतो आहे, आणि सकाळी पाणी तापलं का रे म्हणून विचारणारं घरात कोणी नाही. घर बांधलं ते तिच्यासाठी. गिरणगावातल्या खोलीत तिला पाय लांब करून झोपता येत नव्हतं, इथे खाट घेतली, आणि ती खाट मी पेटवली. मला तिची आठवण येते, हे साधं आहे, ते लिहायला एवढी पानं लागली. येत्या रविवारी तिला घेऊन या.

नलिनीताईस नमस्कार.

तुमचा, चूक झाली असं तोंडानं न म्हणणारा,
जयवंत

ता. क. रविवारी येताना टेस्टर आणावा. पंधरा अँपियरचा पॉइंट, पांढरी जाड तीन तारांची वायर आणि नवीन फ्यूजही आणावा. गरज आहे म्हणून नव्हे. तुम्ही रिकाम्या हातानं आलात तर तुम्हाला करमणार नाही म्हणून. मीटरपासून मोरीपर्यंत साडेसहा मीटर भरतं, मी तीनदा मोजलं. सातच आणा. उरली तर तुम्ही तोडा, मी बघणार नाही.

आणखी ता. क. आई ऐकेना तर तिला सांगा, बॉबिन फेकून दिली. (अजून दिलेली नाही. एका अंगानं जळली आहे, दुसरं अंग शाबूत आहे.)

पाकिटातली वेगळी चिठ्ठी

वन्सं, सा. न. पत्र टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून भाताच्या शितानं पाकीट बंद करायच्या आधी हे घालते. तुम्ही आणि भावोजींनी वाचून फाडून टाका.

आई तुळशीपाशी नव्हत्या. खाटेवरच होत्या. घाईनं उतरताना त्यांचा डावा पाय त्या जळक्या बॉबिनवर पडला, आणि ते गुलाबी प्लास्टिक तळव्याला चिकटून बसलं. मी आणि शेवंतीबाईंनी ओट्यावर बसवून काढलं, लुगडं खाली ओढून घेतलं म्हणून यांना दिसलं नाही. तुमच्याकडे येताना वाटेत दवाखान्यात पट्टी बांधून घेतली. मलमाची ट्यूब त्यांच्या पिशवीत मिश्रीच्या डबीखाली आहे. दर दोन दिवसांनी पट्टी बदलायची आहे, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. लंगडताना दिसल्या तर गुडघा म्हणून सांगितलं असेल.

मी म्हटलं होतं, यांना सांगूया, जरा अक्कल येईल. तर मला शपथ घातली. म्हणाल्या, "तेका कळला तर तो परत कसल्याक हात लावचो नाय. गिरण गेली तेची, आता हातातली कला तरी ऱ्हवांदे." यांच्यासमोर लंगडायला नको म्हणून तुमच्याकडे आल्या, वन्सं. तीन तारांचं आपलं निमित्त.

भावोजींना रविवारी एकटंच पाठवा, पॉइंट बसवून घेऊ. आईंना तळवा भरेपर्यंत हलवू नका, यांनी कितीही लिहिलं तरी. आई का आल्या नाहीत असं यांनी विचारलं, तर अजून रागावल्या आहेत एवढंच सांगायचं. त्यांचा राग यांना सोसतो.

सुलक्षणा